पाणी मोकळं करायचा दिवस

इसरूनं मरळीची गोष्ट काढायला नको होती. पण तेरवीची माणसं मांडवात टेकली, काळा चहा फिरला, आणि दादाजीविषयी बोलायचं म्हटलं की प्रत्येकाला हसण्यासारखंच काहीतरी आठवायचं. त्याला इलाज नव्हता.

"निकेशले ऊर्जानगरले कामावर लागून महिनाबी नसंल झाला," इसरू सांगत होता. मच्छीमार सोसायटीचा तो अध्यक्ष, पण त्याआधी दादाजीचा सोबती. दोघं एकाच उन्हाळ्यात पोहायला शिकलेले. "याले पोराच्या खोलीवर जाचं होतं. म्हणे, पोरगा तिथी बरफातली मासोळी खाऊन राह्यला असंल. बालटीत जित्ती मरळ घेतलन, वरून फडकं बांधलन, अन् बसला एसटीत. मूल गावाच्या पुढं गाडीले गचका बसला, तं मरळ बाहेर. सीटाखालून सरसर. बाया पाय वर करून बसल्या. कंडक्टर म्हणते, हे कोणाचं आहे? तं हा गडी उभा राहून म्हणते, साहेब, लहान आहे, हाफ टिकट फाडा."

मांडव हसला. म्हाताऱ्यांचे खांदे हलले, बायांनी पदर तोंडाला लावले. चहाचं ताट घेऊन फिरणाऱ्या रोशनीलाही हसू फुटलं, आणि ते फुटून गेल्यावर तिला कळलं की आपण बापाच्या तेरवीला हसलो. तिनं ताट खाली ठेवलं. मग एकेक जण थांबला. कुणी खाकरलं. मांडवावरच्या हिरव्या जाळीतून ऊन खाली सांडत होतं, आणि ओसरीवर बसलेल्या दादाजीच्या बायकोकडं, गोकुळाकडं, कुणीच पाहत नव्हतं.

गोकुळा मांडवाकडं पाठ करून बसली होती, मागच्या दाराकडं तोंड करून. दादाजीला माती दिल्यापासून ती तिथंच, तशीच बसायची. रोशनी गडचांदूरहून आली तेव्हा तिला वाटलं, मायला माणसं नको असतील. मग एकदा ती मायच्या शेजारी बसली आणि माय कुठं पाहते ते तिनं पाहिलं. उघड्या दारातून तलावाची पाळ दिसत होती. माय बाबांची वाट पाहत होती.

कारण बाबा नेहमी मागूनच यायचे.

दादाजीची ती खोड साऱ्या ढीवर मोहल्ल्याला ठाऊक होती. ओढताना जाळं कुठं अडकलं की सोडवायला तोच बुडी मारायचा. त्याच्याएवढा दम कुणाचाच नव्हता. जाळं सुटायचं, काठावरच्यांच्या हातातली जाळ्याची रस्सी सैल पडायची, पण दादाजी वर यायचा नाही. पाण्याखालून तो कमळाच्या पानांच्या आडोशाला जायचा, तिथून गपचूप पाळीमागं, आणि काठावरची माणसं पाण्याकडं पाहून घाबरी झाली की मागून निथळत येऊन विचारायचा, "काऊन गा, कोण बुडलं?" पहिल्यांदा बाया रडल्या. पुढच्या खेपेला शिव्या दिल्या. नंतर मोहल्लाच शहाणा झाला. दादाजीनं बुडी मारली की लोक पाण्याकडं पाठ करून उभे राहायचे आणि पाळीकडं बघायचे, आज कुठून येतो ते.

त्या दिवशीही सगळे पाठमोरेच उभे होते. हसत होते. दादाजीचा पाय पाण्याखाली, एका जुन्या बुंध्यापाशी जाळ्यात अडकला होता.

हे सगळं सगळ्यांना माहीत होतं. शरीर वर काढताना, चामोर्शीच्या दवाखान्यात, मातीला, सगळीकडं माणसं होती. तरी ते कुणाच्या आत उतरलं नव्हतं. भल्या पहाटे जाळं खांद्यावर टाकून निघणारा, दुपारी दुसऱ्याच्या बांधीत धान रोवायला जाणारा, संध्याकाळी सायकलला टोपली बांधून मासोळी विकून येणारा आणि तरीही लग्नाच्या वरातीत सगळ्यात शेवटी दमणारा माणूस. तो नाही, असं म्हणताना जीभ अडखळायची.

इसरूनं चहाचा कप बाजूला सारला. "निकेश, बाबू, एक गोष्ट बोलाची आहे. आज पाणी मोकळं करा लागते."

निकेश मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. त्याचं डोकं भादरलेलं, त्यामुळे तो होता त्याहून लहान दिसत होता. "करू ना," तो म्हणाला.

"सकाळी पाहून आलो. पाणी पार आटलं. मासोळी वर येऊन तोंड उघडून राह्यली. आता थांबलो तं सगळी उलटी होईल. साऱ्या मोहल्ल्याची वर्साची कमाई आहे तिच्यात."

तलावानं माणूस घेतलं की त्या तलावात कुणी जाळं टाकत नाही, आणि पडलेलं जाळं कुणी काढतही नाही. तेरवीच्या दिवशी मयताच्या घरचं माणूस सर्वांआधी पाण्यात उतरतं. ओंजळभर पाणी डोक्यावर घेतं, अडकलेलं जाळं स्वतःच्या हातानं सोडवतं, आणि मग काठावरच्यांना हाक मारतं. त्यानंतरच घरी तेरवीचं पान वाढलं जातं. ही रीत होती, आणि ती मोडायचं कुणाच्या मनात येत नसे. दादाजीचा पाय सोडवायला तेवढ्यापुरतं जाळं कापलं होतं. बाकीचं अजून तिथंच होतं, त्याच बुंध्याला.

बोलता बोलता इसरूची नजर देवानंदकडं गेली. गेली म्हणजे सहजच गेली. दादाजीमागं पाण्याखालचा माणूस म्हणजे त्याचा हा धाकटा भाऊ, दुसरं कोण.

"काका नाई उतरणार," निकेश म्हणाला. "मी उतरीन."

दादाजीची आत्या सोनीबाई, घरातलं सगळ्यात जुनं माणूस, पाय आखडून नीट बसली. "तुले बुडीचा सराव कुठी आहे, बापू? शाळेपासून तू चंद्रपूरलेच."

"होऊन जाईल."

"पाण्याखाली जाऊन कोणी शिकते का गा?"

"आत्याबाई, रस्सी काकाच्या हातात होती." निकेशचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "बाबा खाली गुदमरून राह्यले होते अन् काका वर हसून राह्यला होता. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. त्या हातानं नाई निघणार ते जाळं."

"जिभेले हाड ठेव, निकेश," रोशनी म्हणाली. "काकानं तुले खांद्यावर बसवून तलाव दाखवलन."

"तू मधात नको पडू, बाई."

"काऊन नको पडू? माहे बाबा नोहोत का ते?"

सोनीबाईनं हात वर करून दोघांना थांबवलं. "ज्याले घरच्यायनं उतरू देल्लं नाई, तो त्या घरचा राहत नाई. साऱ्या मोहल्ल्यासमोर बोलून राह्यला तू. समजून बोलून राह्यला ना?"

"समजून बोलून राह्यलो."

देवानंद उठला. चप्पल घालायची राहिली, तसाच तो तापल्या अंगणातून घराच्या मागं निघून गेला.

निकेश खांबाला टेकलेलाच राहिला. त्याच्या खिशातल्या मोबाईलमध्ये तो व्हिडिओ अजून होता. मासोळी काढायच्या दिवशी काठावरच्या कुणीतरी घेतलेला, मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकलेला. काका रस्सी धरून उभा, दात दिसताहेत. मागं माणसं पाठ फिरवून, पाळीकडं बोटं दाखवत. कुणीतरी ओरडतं, "आज बाभळीमागून येते पाहा." आणि सगळे हसतात. तिथंच संपतो. निकेशनं तो इतक्या वेळा पाहिला होता की आता डोळे मिटले तरी काकाचे दात दिसायचे. त्यानं तो सगळ्यात पहिल्यांदा कसा पाहिला, ते मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

*

घरामागं चुलवणावर भाताचं मोठं गंज चढलं होतं. देवानंदची बायको साधना बाजूला बसून कोहळं चिरत होती. नवरा येऊन लाकडाच्या ढिगावर बसला तेव्हा तिनं वर पाहिलं नाही. मांडवातलं सगळं तिला ऐकू आलं होतं.

"आता तरी सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"जे मले सांगतलं ते."

देवानंदनं एक काडी उचलली आणि मातीत टोचत राहिला. त्या दिवशी रस्सीला हिसके बसले होते. नेहमीसारखे नव्हते. दादा जाळं सोडवायचा तेव्हा रस्सी हळूहळू ढिली पडायची. त्या दिवशी ती ताठ झाली, थरथरली, पुन्हा ताठ झाली. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण हाताला काहीतरी वेगळं लागलं होतं. त्यानं रस्सी शेजारच्याच्या हाती दिली, सदरा काढला आणि वहिनीपाशी टाकला. "वहिनी, रस्सी बरोबर नाई लागत. पाहून येतो," तो म्हणाला.

गोकुळा पळसाखाली बसून मासोळी निवडत होती. "राहू दे, देवा," ती म्हणाली होती. "भाव नको देऊ त्याले. तू गेला की त्याले आखीन चेव येते. निघते तो आपल्या मनानं."

आणि देवानंद थांबला होता. वहिनी या घरात आली तेव्हा तो पाटी-लेखणीचा होता. आई गेलेली. जेवायला बस म्हटलं की बसायचं, शाळेत जा म्हटलं की जायचं, तिनंच पाहिलेल्या मुलीशी लग्न कर म्हटलं की करायचं. वहिनीच्या शब्दापुढं त्याचं पाऊल कधी पडलं नव्हतं. त्या दिवशीही पडलं नाही.

"त्यायले याद आहे का नाई, तेबी मले समजत नाई," तो म्हणाला. "बोलतच नाईत."

"नसंल तं याद करून द्या."

"अन् मंग? त्या बाईनं कसं जगाचं?"

"अन् तुम्ही कसं जगाचं?" साधनाची विळी थांबली. "पोरगा भर मांडवात म्हणते, काकाचा हात नको. उद्या आपल्या दारातून कोणी मासोळी नाई घेणार. भावाले मारलन म्हणतील. माह्या लेकराइले म्हणतील. वहिनी वहिनी करता, पन वहिनी काऊन नाई बोलत एक शब्द? ऐकू तं तिलेबी येते."

"ती शुद्धीत आहे का?"

"मले तं वाटते, आहे."

"साधना."

"मी काही वंगाळ नाई बोलली. तिनं हातानं निवडून आणलं मले या घरात. माह्या बाळंतपणात महिनाभर तिनं चूल फुकली. पन म्हणून तुम्ही तिच्या वाटचा बोल सोसाचा का जनमभर?"

गंजातला भात रटरटत होता. लाकडाच्या ढिगापलीकडं काहीतरी वाजलं. रोशनी रिकामी बादली घेऊन उभी होती, पाणी न्यायला आलेली. किती ऐकलं, हे विचारायची गरज नव्हती.

"मायनं म्हटलं?" तिनं विचारलं.

देवानंद उभा राहिला. "बाई, तू काही ऐकलं नाई."

"काकू, खरं आहे का?"

साधनानं कोहळ्याची फोड टोपल्यात टाकली. "काकाले इचार."

रोशनीनं बादली खाली ठेवली. मघाशी मांडवात भावाशी भांडायला तिला क्षण लागला नव्हता. आता ती बोलली ते भलतंच. "काका," ती म्हणाली, "निकेशलेच उतरू दे मंग. वाद नको वाढवू. मायच्या कानावर नको जाऊ देऊ."

साधना तिच्याकडं पाहतच राहिली. लहानपणी हीच पोरगी काकाच्या ताटात जेवायची. "पाह्यलं?" ती नवऱ्याला म्हणाली, अगदी हळू. "आपलं म्हणणारी एक होती. तिनंबी पाठ फिरवलन."

"काकू, माह्या मायचा जीव..."

"हो माय. तुह्या मायचा जीव. जा, पाणी घेऊन जा."

रोशनी बादली तिथंच सोडून निघाली. जाताना तिनं काकाच्या पायाला हात लावला की नुसती वाकून सावरली, ते देवानंदला कळलं नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या बुंध्याच्या मुळ्या. तिथं खाली अंधार असतो, गाळ उसळतो, आणि हात लावला की जाळं आपल्यालाच गुंडाळतं. निकेशला हे कुणी सांगितलं नव्हतं.

*

गोकुळाला याद होतं.

दुसरं काही याद नव्हतं. कोण आलं, कोण रडलं, कुणी तिच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, काहीच नाही. पण ते वाक्य होतं. ते तोंडात होतं, कडू पाल्यासारखं, गिळवतही नव्हतं आणि थुंकवतही नव्हतं. निघते तो आपल्या मनानं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून ती हे म्हणत आली होती. आणि दर वेळी खरं ठरलं होतं. लोक बोंबलत राहिले की तो लपून राहायचा, कुणी लक्ष दिलं नाही की कंटाळून बाहेर यायचा. तिला वाटायचं, या माणसाला आपल्याइतकं कुणी ओळखत नाही. त्या दिवशी तिनं मान वर करूनही पाहिलं नव्हतं. रोहू एकीकडं, कतला एकीकडं, झिंगे वेगळे. देवा सदरा टाकून उभा आहे एवढं तिला कळलं होतं. त्याचा आवाज कसा होता, ते नंतर कळलं.

पाळीवरच्या देवीमायच्या ठाण्याशी ती रोज दिवा लावायची. नवरा पाण्यात उतरतो, म्हणून. सुतकामुळं दिवा बंद होता. दिव्याला किंवा मायला बोल लावावा, असं तिच्या मनात आलं नाही. देवीमायनं रस्सीतून देवानंदच्या हाताला हिसका दिला होता. सांगायचं तेवढं सांगितलं होतं.

मग ती बोलत का नव्हती? तिला स्वतःलाच नीट कळत नव्हतं. बोललं की ते झालं असं होणार होतं. न बोलता मागच्या दाराकडं पाहत बसलं की अजून काहीतरी उरलेलं होतं. मांडवात निकेशचा आवाज आला, तोही तिनं ऐकला. काकाचा हात नको. तिला वाटलं, आता देवा बोलेल. देवा बोलला नाही. त्याची पावलं मागच्या दारासमोरून अनवाणी गेली, आणि ती उन्हात भाजत गेलेली पावलं पाहून तिला पहिल्यांदा काहीतरी झालं. लहान असताना तो असाच चप्पल विसरायचा.

"माय, चला," कुणीतरी म्हणालं. "तलावावर जाचं आहे."

*

ऊन कलतं झालं तेव्हा सगळा मोहल्ला पाळीवर आला. तलाव खोल गेला होता. काठाचा चिखल वाळून तडकला होता, आणि मधे जे पाणी उरलं होतं त्यावर मासोळीची तोंडं उघडमीट करत होती. जाळ्याचे तरंगते लाकडी ठोकळे एका ओळीत पाण्यावर होते. एका ठिकाणी ती ओळ खाली ओढलेली होती. तिकडं कुणी बोट दाखवलं नाही.

हसणारं कुणी नव्हतं. पाठ फिरवून उभंही कुणी नव्हतं.

निकेशनं सदरा काढला. इसरू त्याच्या कानाशी काहीतरी सांगत होता, मुळ्यांबद्दल, डोळे उघडे ठेवण्याबद्दल, आणि निकेश मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. देवानंद दूर, पाळीवरच राहिला होता. त्याच्याभोवती जागा मोकळी होती. मघापासून कुणी त्याच्याजवळ उभं राहिलं नव्हतं. साधना मात्र त्याच्या एका बाजूला होती, दोन्ही हातांनी पदर आवळून.

निकेश पाण्यात गेला. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. ओंजळ भरून त्यानं डोक्यावर पाणी घेतलं. ते कानामागून ओघळलं आणि त्याचे खांदे उडाले. तो पुढं गेला. कमरेइतक्या पाण्यात आल्यावर तो थांबला. काठावरून त्याची फक्त पाठ दिसत होती.

"बाबू, दम घे," इसरू म्हणाला. "घाई नको करू."

"इसरूभाऊ," देवानंद पाळीवरून म्हणाला, "त्याले म्हणा, उजव्या बाजूनं नको जाऊ. तिथीच..."

निकेश मागं न वळता बोलला. "त्यायले म्हणा, मले शिकवू नको."

त्यानं छाती भरून घेतली.

"निकेश," गोकुळा म्हणाली. "बाहेर ये."

इतक्या दिवसांत कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता. तो घोगरा, बसलेला होता. माणसं बाजूला झाली. ती काठापर्यंत चालत आली.

"माय, तू मधात नको पडू."

"बाहेर ये म्हटलं ना. काकाच्या हातात रस्सी होती, पन काकाले थांबवलं मी."

निकेश वळला. रोशनीनं मायचा दंड धरला. "माय, चल, घरी चल." गोकुळानं तिचा हात हळूच काढून बाजूला केला.

देवानंद धडपडत पाळीवरून खाली आला. "वहिनीले बरोबर याद नाई," तो लोकांना म्हणाला. "त्यायनं काही म्हटलं नाई. मीच नाई गेलो. मले वाटलं, दादा मजाक करून राह्यला."

"देवा, खोटं नको बोलू."

"खोटं नाई बोलत, वहिनी. तुम्ही तं तिकडं मासोळी निवडून राह्यल्या होत्या."

"हो. अन् तू सदरा काढून माह्यापाशी टाकला. रस्सी बरोबर नाई म्हणून सांगतलं. मी म्हटलं, राहू दे, निघते तो आपल्या मनानं." ती थांबली. पुढचं तिनं मुलाकडं पाहत सांगितलं. "मी मान वर करूनबी पाह्यलं नाई, निकेश. तो सदरा अजून तसाच आहे, माह्या टोपल्यात. जाऊन पाहा."

देवानंद अजूनही मान हलवत होता. नाही, नाही, असं. पण तो वहिनीसाठी खोटं बोलतोय, हे सगळ्यांना दिसत होतं. साधना पाळीवर मटकन खाली बसली आणि पहिल्यांदा रडायला लागली. ती कुणासाठी रडत होती, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सोनीबाई काठी टेकत पुढं आली. "अन् आम्ही?" ती म्हणाली. "आम्ही कोणीकडं पाहून राह्यलो होतो? सारा मोहल्ला पाठ करून उभा होता, बाई. मी त्या बाभळीकडं बोट दाखवून राह्यली होती."

इसरूनं मान खाली घातली.

निकेश कमरेइतक्या पाण्यात तसाच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. कुणीतरी झोपेतून ओढून उभं केल्यासारखा तो एकदा मायकडं, एकदा काकाकडं पाहत होता.

"मी तो व्हिडिओ साऱ्याइले दाखवला, माय," तो म्हणाला. "ड्यूटीवर. म्हटलं, पाहा, असे आहेत आमचे बाबा. पोरं हसून राह्यले होते. मीबी हसून राह्यलो होतो. मधात काकाचा फोन आला. मी कट केला. आखीन आला. आखीन कट केला. व्हिडिओ थांबून जात होता म्हणून."

पाण्यावर एक मासोळी उलटी झाली, पांढरं पोट वर करून, आणि तशीच तरंगत राहिली.

देवानंद पाण्यात शिरला. उतरायचा अधिकार आपल्याला आहे की नाही, याचा विचार त्याच्या डोक्यात नव्हता. तो सरळ पुतण्यापर्यंत गेला आणि त्याच्या भादरलेल्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. निकेशनं तो हात झटकला नाही. थोड्या वेळानं तो हुंदका देऊन काकाच्या खांद्यावर कोसळला, आणि दोघं पाण्यात एकमेकांना धरून राहिले.

मग देवानंदनं काठाकडं पाहिलं. वहिनीकडं. तो हलत नव्हता. तो थांबला होता.

गोकुळाला ते थांबणं ओळखू आलं. असाच तो त्या दिवशी सदरा काढून उभा होता. काठावरची सगळी माणसं तिच्याकडं पाहत होती, आणि तो एक शब्द तिलाच बोलायचा होता. जा म्हणायचं, त्याच बुंध्यापाशी, त्याच अंधारात. दोघा भावांतला हा एकच उरलेला.

"इसरूभाऊ, रस्सी आना," ती म्हणाली. "देवाच्या कमरेले बांधा. दुसरं टोक माह्यापाशी द्या."

इसरू दचकला. आजवर कुणी कमरेला रस्सी बांधून बुडी मारली नव्हती. पण तो काही न बोलता पाण्यात गेला आणि बांधून आला. गोकुळानं टोक मनगटाभोवती गुंडाळलं. बांगड्या उतरलेल्या मनगटावर ती खरखरीत रस्सी घट्ट बसली.

"माह्या घरचा माणूस उतरून राह्यला," ती इसरूला म्हणाली, पण साऱ्यांना ऐकू जाईल असं. मग पाण्याकडं वळून, "देवा, जा."

देवानंदनं ओंजळ डोक्यावर घेतली. निकेशला मागं सरायची खूण केली आणि पुढं खोल पाण्यात जाऊन बुडी मारली. गाळ उसळून वर आला. रस्सी गोकुळाच्या हातातून सरकली, ताठ झाली. पाळीवर साधना उभी राहिली. मोहल्ल्यातलं एकही माणूस कुठं दुसरीकडं पाहत नव्हतं.

तो वर आला. फार लवकर आला. केसांतून चिखल गळत होता आणि हात रिकामे होते. ठोकळ्यांची ओळ अजून तशीच खाली ओढलेली होती.

"सुटलं?" इसरूनं विचारलं.

"नाई."

"मंग काऊन आला गा? हात नाई पुरला?"

"पुरला." देवानंद दम खात होता. त्यानं इसरूकडं पाहिलं नाही. "वहिनी वाट पाहून राह्यल्या ना. म्हणून आलो."

गोकुळाचे डोळे भरून आले आणि ते वाहू लागले, तेव्हा तिनं ते पुसले नाहीत. दोन्ही हात रस्सीवर होते.

"मी पाहीन वाट," ती म्हणाली. "तू जाळं सोडव."

देवानंदनं छाती भरून घेतली आणि तो पुन्हा खाली गेला.